जुनी प्रियस का खडखडते, आणि त्यातलं घरी काय दुरुस्त होतं

अमेरिकेतल्या मराठी घरांच्या ड्राइव्हवेत टोयोटाची तिसऱ्या पिढीची प्रियस, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड गाडी, अजून बरीच दिसते. २०१० ते २०१५ या मॉडेल-वर्षांतली, १.८ लिटर इंजिनाची. कोणी शिकताना सेकंडहँड घेतलेली, कोणी मुलगा गाडी शिकेल म्हणून ठेवलेली, कोणी स्टेशनपर्यंत जायला. यातल्या सगळ्यात नव्या गाडीलाही आता दहा वर्षं होऊन गेली. आणि या गाड्यांच्या मालकांची एक तक्रार ठरलेली: "इंजिन नॉक करतंय."

आधी एक सांगतो. या तक्रारीखाली निदान चार वेगवेगळे आवाज येतात, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं, खर्च वेगळा. आवाज न ओळखता आधी प्लग, मग कॉइल, मग महागडं पेट्रोल अशी खरेदी सुरू होते, आणि तोपर्यंत खरा आजार पुढे गेलेला असतो.

खरा नॉक म्हणजे काय ते बघू. स्पार्क प्लगने ठिणगी टाकली की सिलेंडरमधलं पेट्रोल-हवेचं मिश्रण प्लगपासून कडेकडे जळत जातं. आग पुढे सरकते तसा कोपऱ्यात उरलेल्या, अजून न जळलेल्या मिश्रणावरचा दाब वाढतो, तापमानही वाढतं. ते प्रमाणाबाहेर गेलं की तो उरलेला भाग आग पोचायची वाट न बघता आपोआप, एकदम पेटतो. दाबाच्या लाटा धातूवर आपटतात आणि चढावर, जोर लावताना, बारीक टिणटिण ऐकू येते. पेट्रोलचा ऑक्टेन आकडा हा याच आपोआप पेटण्याला ते किती दाद देत नाही याचं माप आहे. आयसो-ऑक्टेनला १०० धरलंय आणि हेप्टेनला ०.

जाता जाता एक गैरसमज. अमेरिकेत पंपावर ८७ लिहिलेलं असतं आणि भारतात साधं पेट्रोल निदान ९१ चं, म्हणून इथलं पेट्रोल हलकं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. भारतात मोजतात तो आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर), तर अमेरिकेतल्या पंपावरचा आकडा म्हणजे आरओएन आणि एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर) या दोन मापांची सरासरी. इथलं ८७ हे आरओएनच्या हिशोबाने ९१-९२ च्या आसपास जातं.

आता हायब्रिडची गोम. प्रियसच्या या इंजिनाचं कॉम्प्रेशन १३ ला १ आहे. हा आकडा ऐकून कुठलाही जुना मेकॅनिक भुवया उंचावेल. पण हे अ‍ॅटकिन्सन पद्धतीचं इंजिन आहे. पिस्टन वर यायला लागला तरी इनटेक व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडा राहतो, काही हवा परत मागे ढकलली जाते, त्यामुळे मिश्रण प्रत्यक्षात १३ पट दाबलं जात नाही. एवढ्यावर भागलं असतं. पण हायब्रिडचा कॉम्प्युटर इंजिनाला आरामात चालूच देत नाही. थोडक्या कामासाठी बॅटरी वापरायची, आणि इंजिन चालवायचंच तर कमी आरपीएमवर जास्त भार देऊन, कारण मायलेज तिथे मिळतं. नॉक होण्याची शक्यता जास्त असते तीही नेमकी तिथेच.

त्यावर टोयोटाने योजलेला उपाय म्हणजे थंड केलेला ईजीआर (एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन). एक्झॉस्टमधला थोडा धूर एका कूलरमधून नेऊन थंड करायचा आणि पुन्हा इंजिनात सोडायचा. या धुरात जाळण्यासारखा ऑक्सिजन जवळपास नसतो. तो मिश्रणात आला की जळताना तापमान चढत नाही, नॉक मागे हटतो, आणि मायलेजही थोडं सुधारतं. बऱ्याच जणांना ईजीआर म्हणजे प्रदूषण कमी करायचं झेंगट वाटतं. या गाडीत ती इंजिनाला नॉकपासून वाचवणारी यंत्रणा आहे. ती तुंबली की बाकीच्या सगळ्या हिशोबाचा पाया निघून जातो.

आणि ती तुंबतेच. धूर म्हटला की काजळी आली, त्यात क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातून, येणारी तेलाची वाफ मिसळली की चिकट डांबर होतं. कूलरच्या आतल्या बारीक पातळ पट्ट्यांमध्ये ते बसत जातं. इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलेंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांत) प्रत्येक सिलेंडरसाठी ईजीआरचं एक-एक बारीक छिद्र आहे, तिथेही बसतं. चारही छिद्रं सारखी बुजत नाहीत, आणि घोटाळा इथे होतो. एका सिलेंडरला थंड धूर भरपूर, दुसऱ्याला अजिबात नाही. ज्याला मिळत नाही तो जास्त तापतो आणि नॉक करतो. पुढे याच तापण्याने आणि दाबाने हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली सील) जातं, असं या गाड्या रोज खोलणाऱ्या अनेक मेकॅनिक मंडळींचं मत आहे. मला ते पटतं.

चेतक-बजाजच्या जमान्यात स्कूटरने दम तोडला की सायलेन्सर काढून कार्बन जाळून आणायचे. ईजीआर साफ करणं हे त्याच जातीचं काम आहे, फक्त पोचायला जास्त नट खोलावे लागतात.

पण पाना हातात घ्यायच्या आधी कान लावा.

थंड गाडी पहिल्यांदा सुरू झाली की पहिलं मिनिटभर इंजिन जरा चढ्या आरपीएमवर आणि खरखरीत चालतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवायला ते मुद्दाम तसं चालवलेलं असतं, त्याची काळजी नको. सिग्नलला इंजिन बंद होताना किंवा परत सुरू होताना एक "खडक्" येतो, तो बहुतेकदा डँपरचा: इंजिन आणि ट्रान्सअ‍ॅक्सल (गिअरबॉक्सच्या जागी असलेला भाग) यांच्या मधल्या स्प्रिंगवाल्या तबकडीचा. गाडीखालून पत्र्याचा थरथराट येत असेल तर रस्त्यावरच्या मिठाने गंजलेली हीट शील्ड बघा. न्यू जर्सी-बॉस्टनकडच्या गाड्यांत हे फार. (आणि रातोरात गाडी ट्रकसारखी गर्जायला लागली असेल तर नॉक वगैरे काही नाही, कन्व्हर्टर चोरीला गेलाय. प्रियसचा कन्व्हर्टर चोरांचा लाडका आहे.)

गरम इंजिन, पूल किंवा घाट चढताना टिणटिण, पाय उचलला की बंद: हा खरा नॉक. मात्र तो कानावर येईलच असं नाही. इंजिन ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर तो आधी पकडतो आणि कॉम्प्युटर लगेच ठिणगीची वेळ मागे घेतो. आवाज दबतो, पण गाडी सुस्त होते आणि मायलेज हळूहळू घसरतं. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं, टोयोटाचे आकडे दाखवणारं ओबीडी रीडर आणि अ‍ॅप असेल तर त्यात 'नॉक फीडबॅक' आणि 'नॉक करेक्ट लर्न' या दोन ओळी बघा. इंजिन वेळ किती मागे घेतंय ते तिथे दिसतं. ईजीआरचा प्रवाह फारच कमी झाला तर पी०४०१ हा बिघाडाचा कोड येतो. पण तो येईपर्यंत थांबू नका, कूलर निम्म्याहून जास्त बुजला तरी कोड न आलेल्या गाड्या असतात.

शेवटचा आवाज सगळ्यात वाईट. गाडी रात्रभर उभी. सकाळी सुरू केली की पाच-दहा सेकंद अख्खी गाडी हादरते, लोखंडी पिंप गडगडल्यासारखा आवाज येतो, आणि मग जणू काही झालंच नाही. लोकांना वाटतं कनेक्टिंग रॉड गेला. बहुतेक वेळा होतं असं की हेड गॅस्केटमधून रात्रभरात थोडं कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) एका सिलेंडरमध्ये झिरपतं, प्लग भिजतो, तो सिलेंडर मिसिंग मारतो, म्हणजे नीट पेटत नाही. साध्या ऑटोमॅटिक गाडीत मधलं टॉर्क कन्व्हर्टर हे धक्के गिळून टाकतं. प्रियसमध्ये ते नाहीच, त्यामुळे चारांपैकी तीनच सिलेंडरच्या जोरावर लंगडणारं इंजिन डँपरच्या स्प्रिंगा बडवून काढतं. आवाज डँपरचा, आजार गॅस्केटचा. पी०३०० ते पी०३०४ यांतला एखादा मिसफायरचा कोड आणि दर महिन्याला उतरणारी कूलंटची पातळी, दोन्ही सापडलं तर शंका फारशी उरत नाही. हिवाळ्यात मॅनिफोल्डमध्ये साचलेलं पाणी ओढलं जाऊनही एखाद्या सकाळी असा झटका येतो. म्हणून एका झटक्यावर गाडी विकायला काढू नका, कूलंटच्या टाकीवर पेनाने खूण करा आणि थंड इंजिनावर पातळी बघत राहा.

हे नीट ऐकायचं तर एक अडचण आहे: उभ्या हायब्रिडचं इंजिन मनात येईल तेव्हा बंद पडतं. त्यासाठी 'मेंटेनन्स मोड' आहे. ब्रेकला पाय न लावता पॉवरचं बटण दोनदा दाबा, डॅशबोर्ड उजळेल पण 'रेडी' येणार नाही. मग मिनिटभराच्या आत: पी मध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दोनदा, एन मध्ये दोनदा, परत पी मध्ये दोनदा. स्क्रीनवर तसं लिहून आलं की ब्रेक दाबून गाडी सुरू करा. इंजिन साधारण १००० आरपीएमवर चालू राहील. या मोडमध्ये गाडी रस्त्यावर न्यायची नाही, ट्रान्सअ‍ॅक्सल खराब होतं.

घरी करायच्या गोष्टींत सोप्या आधी. मॅन्युअलमध्ये ८७ सांगितलंय, ते भरा. कोलोरॅडोसारख्या उंचावरच्या राज्यांत पंपावर ८५ मिळतं आणि स्वस्त म्हणून भरलं जातं, ते या गाडीला नको. उलट ९३ भरून नॉक थांबला तर आनंद मानू नका. आजार झाकला गेला एवढंच.

ऑइल ०डब्ल्यू-२०, फिल्टरसकट ४.२ लिटर. ही इंजिनं वय झालं की ऑइल पितात, पिस्टनच्या रिंगा जाम होतात. पिलेलं ऑइल दोन तऱ्हेने नडतं: सिलेंडरमध्ये जळून कार्बन चढवतं, आणि पेट्रोलात मिसळून त्याचा ऑक्टेन उतरवतं. शिवाय पातळी फार खाली गेली की बेअरिंगचा खोल "ठक ठक" सुरू होतो, त्याला घरी इलाज नाही. दर दुसऱ्या पेट्रोलला डिपस्टिक बघा. लाल दिव्याची वाट बघणारे इंजिन घालवून बसतात.

इरिडियम प्लगची मुदत १ लाख २० हजार मैल. बदलताना जुने प्लग क्रमाने मांडून ठेवा, फेकू नका. तिघांचं टोक मातकट आणि एकाचं लख्ख धुतल्यासारखं असेल, तर त्या सिलेंडरमध्ये कूलंट जातंय. प्लगच्या भोकातून स्वस्तातला बोअरस्कोप (तारेच्या टोकावरचा बारीक कॅमेरा) आत सोडला तर हेच अजून स्पष्ट दिसतं: बाकीच्या पिस्टनच्या डोक्यावर काळा थर, आणि एक पिस्टन वाफेने घासून काढल्यासारखा चकचकीत.

एअर फिल्टरमागचा हवा मोजणारा सेन्सर त्याच्यासाठी मिळणाऱ्या स्प्रेनेच साफ करायचा. ब्रेक क्लीनर मारला तर नवा आणावा लागेल.

आता ईजीआर. पहिल्यांदा करणाऱ्याने शनिवार-रविवार दोन्ही हाताशी ठेवावेत आणि सोमवारी ऑफिसला जायची दुसरी सोय करावी.

सुरक्षिततेत कुचराई नको. 'रेडी' असलेल्या हायब्रिडचं इंजिन न सांगता सुरू होतं, तेव्हा गाडी पूर्ण बंद, इंजिन गार, चावी घरात लांब. मोठी बॅटरी २०१.६ व्होल्टची, आणि इन्व्हर्टर ते ६५० पर्यंत चढवतो. या कामात केशरी केबल कुठेच सोडवायची नसते, म्हणून तिला हात लावायचाच नाही. मागे डिकीत उजवीकडे असलेल्या १२ व्होल्ट बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, आणि तार काढल्यावर डिकी बंद करू नका. तिचं कुलूप विजेवर चालतं, मग आतून सरपटत जाऊन लिव्हर शोधत बसाल.

कूलर इंजिनाच्या मागे, काचेच्या बाजूला दडलेला आहे. वायपरचे हात, त्याखालचं प्लास्टिक, वायपरची मोटर आणि तिच्या खालचा पत्रा काढला की हात पोचतो. एअर फिल्टरचा डबा काढा. कूलंट थोडं उतरवून घ्या. गोळा केलेलं कूलंट कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागू देऊ नका, चवीला गोड पण विषारी असतं. मग व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड जोडणारा पाइप, ईजीआर व्हॉल्व्ह, कूलंटच्या नळ्या, शेवटी कूलर. बरेचसे नट १०, १२ मिलिमीटरचे. खाली एक बोल्ट आहे जो दिसत नाही, नुसत्या बोटांनी चाचपडून काढावा लागतो, आणि दोन-चार शिव्या त्याच्याच नावाच्या असतात. कूलर अडत असेल तर स्टडच काढायचे, त्याला ई-८ सॉकेट लागतं. ते आधीच आणून ठेवा.

कूलर उजेडाकडे धरून आरपार बघा. साफ असेल तर जाळीसारख्या पट्ट्या दिसतात. तुंबलेला असेल तर नुसता काळा ठोकळा. तो स्टीलचा आहे, गरम पाण्यात डीग्रीझर किंवा ऑक्सिजन ब्लीच घालून रात्रभर भिजवा, पाणी बदलत राहा, दोन्ही बाजूंनी पाइपचं पाणी मारा. आरपार उजेड दिसेपर्यंत सोडू नका. आत तार किंवा स्क्रू-ड्रायव्हर खुपसू नका. पट्टी फाटली तर कूलंट थेट धुरात मिसळेल आणि आपणच नवा आजार घेऊन बसू. व्हॉल्व्हला मात्र भिजवायचं नाही, त्याला विजेची मोटर आहे. ती बाजू वर धरून खालची काजळी ब्रशने काढा.

मॅनिफोल्ड काढल्याशिवाय काम अर्धंच. तो प्लास्टिकचा आहे. ती चार छिद्रं शोधा आणि पाइप साफ करायच्या बारीक ब्रशने एकेक मोकळं करा. चारही सारखी मोकळी झाली पाहिजेत, मुद्दा सगळा तोच आहे. मॅनिफोल्ड निघालेलाच आहे तर त्याच्यामागचा पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये सोडणारा) नवा घाला, पुन्हा तिथे हात पोचणार नाही. थ्रॉटल बॉडीही पुसून घ्या. काजळी निघताना उडते, तेव्हा हातमोजे, चष्मा आणि मास्क लागतोच. पाणी अंगणातल्या गटारात सोडू नका.

जोडताना गॅस्केटं नवी, आणि नट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्यांनी. कूलंट टोयोटाचंच गुलाबी. बॉनेटखाली दोन टाक्या आहेत, एक इंजिनाची आणि एक इन्व्हर्टरची. कोणती कोणाची ते बघून ओता. मग मेंटेनन्स मोडमध्ये हीटर लावून इंजिन चालवा. हीटरची हवा कडक गरम आली आणि डॅशबोर्डमागचं खळखळणं थांबलं म्हणजे आतली हवा निघाली. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर पातळी पुन्हा बघून भरा. हे विसरलं तर इंजिनाच्या हेडमध्ये अडकलेल्या हवेने इंजिन तापतं आणि वाचवायला निघालेलं गॅस्केट आपल्याच हाताने जातं.

टोयोटाच्या सर्व्हिसच्या वेळापत्रकात हे काम नाही. जाणकार मालक साधारण ५० हजार मैलांनी करतात. गाडीचं रोजचं पळणं दोन-तीन मैलांचंच, थंडीतलं असेल तर मी त्याहूनही लवकर उघडून बघेन, कारण इंजिन पुरतं तापतच नाही आणि काजळी जास्त धरते.

गॅस्केट आधीच गेलं असेल तर ईजीआर धुऊन ते परत जुळणार नाही. खात्री करायला कूलिंग सिस्टीमवर हातपंपाने दाब देऊन रात्रभर ठेवा आणि सकाळी बोअरस्कोपने प्रत्येक सिलेंडर बघा, ओला सापडेल तो गुन्हेगार. भाड्याने मिळणाऱ्या निळ्या द्रवाच्या किटनेही कळतं, कूलंटच्या टाकीत धूर येत असेल तर द्रव पिवळा पडतो. एकदा हे ठरलं की ती गाडी सुरू करत राहू नका. द्रव दाबला जात नाही, आणि प्रियसमध्ये इंजिन फिरवायला छोटा स्टार्टर नसून मोठी इलेक्ट्रिक मोटर आहे. ती जोर लावून पिस्टन वर ढकलते आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग गॅस्केटवर निभावत नाही, इंजिनच बदलावं लागतं. गळती बुजवणाऱ्या बाटल्या ओतायचा मोहही टाळा, त्या हीटर आणि ईजीआर कूलरचे अरुंद मार्ग आधी बुजवतात. हेड उतरवणं, टायमिंग चेन, हेडचा सपाटपणा तपासणं हे काम मी ओळखीच्या, प्रियस करणाऱ्या मेकॅनिकवर सोडेन, आणि हेड बसवताना ईजीआर व मॅनिफोल्ड साफ करणार का हे आधी विचारेन. न केल्यास नव्या गॅस्केटचीही तीच गत.

सेकंडहँड प्रियस बघायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगा, गाडी सकाळपासून सुरू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी परत या. गार असेल तर कूलंटची पातळी बघा, रीडर लावा, आणि स्वतः सुरू करून पहिली वीस सेकंदं रेडिओ बंद ठेवून ऐका. ईजीआर साफ केल्याची पावती मागा. ती नसली तर पुढच्या शनिवार-रविवारचं काम आणि गॅस्केटचा धोका धरून किंमत पाडून मागा.